फोटो कशात देऊ? जेपीजी, पीएनजी आणि बाकीच्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात लग्नपत्रिका, फ्लेक्स, मेनूकार्ड, ऑनलाइन फॉर्म, दुकानदारांच्या वेबसाइटचे फोटो अशी सगळी सरमिसळ कामं येतात. दिवसातून दहा वेळा तरी कुणीतरी काउंटरवर कोपर टेकून विचारतं, "फोटो कशात देऊ वो?" तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवलंय. प्रश्न लोकांचे, उत्तरं माझी. त्यामुळं मधेमधे थोडी कुरकुरही सापडेल.

एका वाक्यात सांगा, सगळ्यात चांगला फॉरमॅट कुठला?

असा कुठलाच नाही. लग्नाला आणि भातलावणीला एकच पायताण चालत नाही. कॅमेऱ्यानं काढलेला फोटो असेल तर जेपीजी. लोगो, अक्षरं, स्क्रीनशॉट असेल तर पीएनजी. स्वतःच्या वेबसाइटवर चढवायचा असेल तर वेबपी. छापायचा लोगो असेल तर व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली फाइल. एवढ्यावर निम्मी कामं उरकतात. उरलेल्या निम्म्यांत फॉरमॅट बरोबरच असतो, पण चित्र आमच्यापर्यंत चार जणांच्या मोबाइलमधून फिरून आलेलं असतं. माझ्या मते खरं दुखणं तिथं आहे.

फाइलच्या नावातलं पीएनजी खोडून जेपीजी लिहिलं, तर झालं की नाही काम?

नाही. पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही. फाइलच्या अगदी सुरुवातीच्या काही बाइटमध्ये ती कुठल्या जातीची आहे हे लिहिलेलं असतं आणि प्रत्येक फॉरमॅटची ही खूण वेगळी असते. बरीच सॉफ्टवेअर ही खूण बघून फाइल उघडतात, म्हणून नाव बदललेली फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर उघडते आणि तुम्हाला वाटतं जमलं. सरकारी पोर्टल मात्र ती परत तोंडावर फेकतं. फॉरमॅट बदलायचा तर फाइल उघडून 'सेव्ह ॲज' किंवा 'एक्सपोर्ट' करावंच लागतं.

एक अपवाद आहे. नेटवरून उतरवलेला फोटो कधीकधी 'जेएफआयएफ' अशा विचित्र शेपटीनं सेव्ह होतो आणि फॉर्म तो घेत नाही. तो आतून जेपीजीच असतो. तिथं नुसती शेपटी बदला, चालेल.

जेपीजी फोटो एवढा लहान कसा काय करतो?

हे नीट सांगतो, कारण हे कळलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे ३ बाइट धरले तर फाइल ३६ एमबीची व्हायला हवी. मोबाइलमध्ये ती साधारण ३ ते ५ एमबीचीच दिसते. बाकीचं गेलं कुठं? जेपीजीनं फेकून दिलं. पण फेकताना डोकं लावलं. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून जेपीजी आधी उजेड आणि रंग वेगळे काढतो आणि बहुतेक वेळा ४ ठिपक्यांना मिळून एकच रंग ठेवतो. मग चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातली जी बारीक चलबिचल डोळ्याला फारशी जाणवत नाही, ती कमी करत जातो. क्वालिटीचा आकडा जेवढा खाली, तेवढी कापाकापी जास्त. १९९२ साली ठरलेली ही रीत आजही सगळीकडे चालते.

हे बघायचं असेल तर एक गंमत करा. मी एका चप्पलवाल्यांच्या कामात केली होती. कापशी चप्पल, वर लाल गोंडा, पट्ट्यावर बारीक वेणी. तोच फोटो एकदा ९० क्वालिटीनं सेव्ह केला, एकदा २० नं, आणि दोन्ही ४०० टक्के मोठे करून शेजारी ठेवले. ९० मध्ये वेणीचा पदर न् पदर मोजता येत होता. २० मध्ये वेणीच्या जागी तपकिरी फरशी बसवल्यासारखी दिसत होती, ८ बाय ८ ची. गोंड्याचा लाल रंग शेजारच्या चामड्यावर ओघळल्यासारखा झालेला, कारण चौघांत एक रंग वाटलेला. आणि चप्पल जिथं संपते तिथं पांढऱ्या पार्श्वभूमीवर डासांचं मोहोळ उठावं तशी भुरकट किनार. गिऱ्हाइकाला एवढं सगळं सांगता येत नाही, तो एवढंच म्हणतो, "माल डुप्लिकेट वाटतोय." हातानं विणलेल्या वेणीवर ज्याची किंमत ठरते, त्याचा फोटो २० क्वालिटीवर टाकणं म्हणजे आपल्या हातानं भाव पाडणं.

८० ते ८५ च्या आसपास ठेवा. प्रत्येक सॉफ्टवेअरची पट्टी वेगळी असते, फोटोशॉपमध्ये तर ती ० ते १२ आहे, त्यामुळं आकड्यापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा.

मेनूकार्डातली अक्षरं फाटल्यासारखी का दिसतात?

कारण ते जेपीजीत केलंय. पांढऱ्यावर काळं अक्षर म्हणजे एकदम तुटक कडा, आणि जेपीजीला नेमक्या अशाच कडा झेपत नाहीत. 'तांबडा-पांढरा' लिहिलेलं असतं आणि प्रत्येक वेलांटीभोवती राखाडी धूळ दिसते. अक्षरं, आलेख, स्क्रीनशॉट, सपाट रंगांचं डिझाइन हे पीएनजीत ठेवा. पीएनजी काही फेकत नाही, घडी घालून ठेवतो. उघडलं की ठिपका न् ठिपका जागेवर.

मग सगळंच पीएनजीत का नको?

ठेवा की, पण मग फोटोची फाइल कित्येक पट मोठी झाली म्हणून ओरडू नका. सपाट रंगाच्या चित्रात पीएनजीची घडी छान बसते. फोटोत मात्र प्रत्येक ठिपका शेजारच्यापेक्षा जरासा वेगळा असतो, तिथं घडीच बसत नाही.

आणि खराब झालेला जेपीजी पीएनजीत सेव्ह केला म्हणून सुधारत नाही. उसाचा गूळ होतो, गुळाचा परत ऊस होत नाही. हे मी आठवड्यातून एकदा तरी सांगतो.

आमच्या लोगोमागं पांढरा चौकोन येतोय. तो कसा घालवायचा?

जेपीजीला पारदर्शक असणं ठाऊकच नाही. जिथं काही नाही तिथं तो रंग भरतो, बहुतेक वेळा पांढरा. पारदर्शक लोगो हवा असेल तर पीएनजी किंवा वेबपी मागा, आणि ज्यानं लोगो बनवला त्याच्याकडूनच मागा.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका तालीम मंडळाचा गणपतीचा फ्लेक्स केला होता. भगवी पार्श्वभूमी, वर मंडळाचं चिन्ह. चिन्ह आलं होतं जेपीजीत. घाईत मी स्क्रीनवर लहान करून बघितलं, लावलं, छापायला दिलं. चौकात फ्लेक्स चढला तेव्हा चिन्हामागं हातभर पांढरा ठोकळा, जणू भिंतीवर कुणी जाहिरात चिकटवलीय. "भावा, हे काय लावलंयस?" एवढंच विचारलं त्यांनी. रात्रीत दुसरा छापून दिला, पदरचे पैसे घालून. ते मंडळ अजून आमच्याकडेच येतं, पण विषय निघाला की हसतात.

नेटवरून 'पारदर्शक पीएनजी' म्हणून उतरवलेल्या चित्रांचं आणखी एक सोंग असतं. मागं राखाडी-पांढरे बारीक चौकडे दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं पार्श्वभूमी रिकामी आहे. फाइल उघडली की कळतं, चौकडे चित्रातच छापलेले आहेत. तो लोगो नाही, लोगोचा फोटो आहे.

व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालेल ना?

फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नेहमीसारखा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप त्याची लांबी-रुंदी कमी करतं आणि वरून पुन्हा जेपीजीची कापाकापी करतं. २०२३ पासून एचडीचा पर्याय आलाय, तो बरा आहे, पण तोही मूळ फाइल देत नाही. क्लिपच्या चिन्हावर जाऊन डॉक्युमेंट निवडलं आणि तिथून फाइल पाठवली तर जशीच्या तशी येते.

नवऱ्या मुलाचा फोटो आधी फोटोग्राफरनं ग्रुपवर टाकला. तिथून मामांनी घेतला, स्टेटसला ठेवला. आत्यांनी स्टेटसचा स्क्रीनशॉट काढला, कडा कापल्या आणि आम्हाला पाठवला, "पत्रिकेवर हाच घ्या, यात छान दिसतोय." छान दिसतोय खरा, पण सहा इंचाच्या मोबाइलवर. मूळ फोटो ६००० ठिपके रुंद होता, आमच्याकडे आला तो हजारभर रुंदीचा. आता तो जेपीजी असो, पीएनजी असो, काय फरक पडतो? अशा वेळी मी आत्यांनाच फोन करून फोटोग्राफरचा नंबर मागतो. दोन मिनिटांचं काम असतं आणि मूळ फाइल बहुतेक वेळा मिळते. लोकांना फॉरमॅट बदलून मागायची सवय आहे, मूळ फाइल मागायचा मात्र संकोच वाटतो, हे मला कधी समजलेलं नाही.

आयफोनमधला फोटो आमच्या कॉम्प्युटरवर उघडतच नाही.

तो एचईआयसी असणार. २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, आयफोन मुळात याच फॉरमॅटमध्ये फोटो ठेवतो. त्याच दर्जाचा फोटो जेपीजीच्या साधारण निम्म्या जागेत मावतो, त्यामुळं फॉरमॅट वाईट नाही. पण त्यामागच्या तंत्रावर पेटंट आहेत, म्हणून तो सगळीकडे फुकट उघडत नाही. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथं 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. पुढचे फोटो जेपीजीत निघतील. जुने तसेच राहतात, ते आम्ही बदलून देतो.

भरतीच्या फॉर्मला '५० केबीच्या आत' फोटो मागितलाय. कितीदा कमी केला तरी होत नाही.

सगळेजण क्वालिटी खाली खेचतात आणि फोटो इतका चौकोनी होतो की परीक्षा केंद्रावर तोंड ओळखू येऊ नये. आधी ठिपके कमी करा, क्वालिटी नंतर. पासपोर्ट फोटो ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा असतो. ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, त्याचे ४१३ बाय ५३१ ठिपके होतात. चार हजार ठिपक्यांचा फोटो आधी एवढा करा, मग ८० क्वालिटीतही तो बहुधा ५० केबीत सहज बसतो.

सहीसाठी पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या पेनानं सही करा, उजेडात फोटो काढा, कडेचा कागद कापून टाका. वहीच्या रेघांवर केलेली सही घेऊन येऊ नका, रेघा काढण्यात माझा अर्धा तास जातो. आणि सूचना पूर्ण वाचा. काही फॉर्मना जास्तीत जास्तबरोबर कमीत कमी मर्यादाही असते, पोरं फोटो १० केबीचा करून आणतात आणि तोही परत येतो.

आणखी एक. 'फोटो लहान करा, फुकट' म्हणणाऱ्या कुठल्याही वेबसाइटवर आधारकार्ड आणि सही चढवू नका. फाइल आपल्या कॉम्प्युटरवरच लहान करता येते. विंडोजमधला पेंटसुद्धा ठिपके कमी करून देतो.

दुकानाच्या वेबसाइटसाठी वेबपी घेऊ की एव्हीआयएफ?

वेबपी घ्या आणि झोपा. गूगलनं तो २०१० साली आणला. ॲपलचा सफारी त्याला बरीच वर्षं हात लावत नव्हता, २०२० मध्ये त्यानंही स्वीकारला, आणि तेव्हापासून खुशाल वापरावा अशी स्थिती आहे. तो जेपीजीसारखी कापाकापी करतो, पीएनजीसारखी घडीही घालतो, पारदर्शकही होतो, आणि फाइल बहुतेक वेळा त्या दोघांपेक्षा लहान. एव्हीआयएफ २०१९ चा, आणखी लहान होतो, सफारीत २०२२ पासून चालतो. पण बनवायला वेळ खातो आणि जुन्या मोबाइलवर दिसत नाही. तुमची वेबसाइट करणारा माणूस एव्हीआयएफ, वेबपी आणि जेपीजी असे तिन्ही ठेवून ब्राउझरला झेपेल ते देणारा असेल, तर मात्र जरूर घ्या.

खरी चूक वेगळीच असते. गुजरीतल्या एका सराफांच्या पोरानं कोल्हापुरी साजाचे फोटो वेबसाइटवर टाकले होते, कॅमेऱ्यातून आले तसे, एकेक ८ एमबीचा. पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन येईल. वेबपी केलं असतं तरी ते जडच राहिलं असतं, कारण ६००० ठिपक्यांचा फोटो मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावर दाखवायचा होता. आधी १२०० ते १६०० रुंदीवर आणले, मग वेबपी केले, आणि पान लगेच उघडायला लागलं. साजातलं एकेक सोन्याचं पान जवळून बघायचं असतं, म्हणून फक्त 'मोठं करून बघा' साठी मोठी फाइल वेगळी ठेवली.

दुसऱ्यांच्या विक्री पोर्टलवर माल टाकणार असाल तर त्यांनी जे मागितलं तेच द्या. तिथं अजून जेपीजीच चालतो बऱ्याचदा.

जीआयएफ अजून कुणी वापरतं का?

हलणाऱ्या चित्रासाठी. १९८७ सालचा फॉरमॅट, एका चित्रात फक्त २५६ रंग. रंकाळ्यावरचा सूर्यास्त जीआयएफमध्ये केला तर आभाळात पट्टेच पट्टे दिसतात. त्याच्या घडी घालायच्या पद्धतीवर पेटंट निघालं आणि पैशाची मागणी झाली, म्हणून चिडून लोकांनी १९९६ मध्ये पीएनजी आणला. व्हॉट्सॲपवर तुम्ही जे जीआयएफ म्हणून पाठवता तो तर आतून छोटा व्हिडिओ असतो.

फ्लेक्ससाठी फाइल कशी देऊ? ३०० डीपीआय पाहिजेच का?

नको. फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडून बघतात. १० बाय ६ फुटांच्या फ्लेक्सला ७२ डीपीआय धरला तरी ८६४० बाय ५१८४ ठिपके होतात, तेवढे पुष्कळ झाले. ३०० हवा तो पत्रिकेला, हातात धरून बघायच्या कागदाला. ए फोर पानाचे तेव्हा २४८० बाय ३५०८ ठिपके होतात.

आणि लहानशा फोटोचा डीपीआयचा आकडा ७२ वरून ३०० केला म्हणून त्यात नवे ठिपके जन्माला येत नाहीत. शेताची मोजणी गुंठ्यात करा नाहीतर एकरात, जमीन तेवढीच.

लोगो, नावं, नक्षी हे सगळं व्हेक्टरमध्ये हवं, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांचं गणित. ते बोटाएवढं छापा नाहीतर इमारतीएवढं, कडा सुबकच राहते. छपाईला आमच्याकडे कोरलड्रॉची सीडीआर फाइल चालते. पण नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळं खालच्या आवृत्तीत सेव्ह करा, किंवा सरळ पीडीएफ द्या. मराठी मजकूर मात्र आधी कर्व्हमध्ये करून घ्या, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा होतात, फॉन्ट लागत नाही. नाहीतर तुमच्याकडचा फॉन्ट आमच्याकडे नसतो आणि 'शुभेच्छुक' च्या जागी भलतंच काहीतरी उमटतं. कर्व्हमध्ये केल्यावर अक्षर बदलता येत नाही, म्हणून साधी फाइलही वेगळी ठेवा. वेबसाइटवर हाच लोगो एसव्हीजीत द्या, तोही व्हेक्टरच.

रंगांबद्दल आधीच सांगून ठेवतो. मोबाइल उजेडानं रंग दाखवतो, छपाई शाईनं. मोबाइलवरचा झगझगीत पोपटी कागदावर थोडा मळतोच. त्यात फाइलचा दोष नाही, माझाही नाही.

फोटोवरून घराचा पत्ता कळतो म्हणतात, खरं का?

लोकेशन चालू ठेवून काढला असेल तर हो. फाइलच्या आत तारीख, कॅमेरा आणि जागेचे अक्षांश-रेखांश बसलेले असतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर हे सगळं सोबत जातं, म्हणून अनोळखी माणसाला तसं पाठवताना आधी ती माहिती काढून टाका. उभा फोटो चढवल्यावर आडवा पडतो, तेही याच माहितीमुळं: मोबाइलनं ठिपके न फिरवता नुसतं 'उभा धरा' असं लिहून ठेवलेलं असतं आणि समोरचं सॉफ्टवेअर ते वाचत नाही.

आजोबांचा फेट्यातला जुना फोटो आहे. कशात स्कॅन करून घेऊ?

टिफमध्ये, म्हणजे स्कॅनिंगला वापरतात त्या, सहसा काही न फेकणाऱ्या फॉरमॅटमध्ये, नाहीतर पीएनजीत. फोटो लहान असेल तर ६०० डीपीआयनं. २ बाय ३ इंचाच्या फोटोचे १२०० बाय १८०० ठिपके मिळतात, भिंतीवर लावण्याएवढी फ्रेम होते. ती फाइल मूळ म्हणून बाजूला ठेवायची आणि तिला परत हात लावायचा नाही. डाग काढायचे, रंग सुधारायचे, नातेवाइकांना पाठवायचं, ते सगळं तिच्या कॉपीवर.

कारण जेपीजी दर वेळी बदल करून सेव्ह केला की पुन्हा थोडा कापला जातो. नुसता उघडून बघितला किंवा पेनड्राइव्हवर कॉपी केला तर काही होत नाही, ती भीती काढून टाका.

मग फाइल घेऊन येऊ कशी?

पेनड्राइव्ह, मेल, ड्राइव्हची लिंक, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट, काहीही चालेल. नाव नीट द्या. 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल नवीन खरं' अशा तीन फाइली आल्या की मी मधली छापतो आणि ती नेमकी चुकीची निघते. आणि काम झालं की पेनड्राइव्ह आठवणीनं न्या. ड्रॉवरमध्ये सध्या अकरा पडलेत, त्यातल्या एकावर कुणाच्या तरी बारशाचे सगळे फोटो आहेत.